एकच हरकत

दारूविक्रीची वेळ रात्री अकराऐवजी एकपर्यंत वाढवून मिळावी, असा अर्ज क्रॉयडनमधल्या कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक शिवनेशन याने केला होता. सगळ्या गल्लीतून हरकत एकच आली. ती योगेश्वरीची होती. ती दुकानाच्या वरच्याच घरात राहायची.

“गिऱ्हाईकं दंगा करतात का हो, बाई?” परवाना समितीच्या सुनावणीत अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

“नाही. इतकं शांत असतं, की खालच्या फ्रिजची घरघर वर ऐकू येते.”

“बाटल्या फोडतात? दारात घाण करतात?”

“छे! आमच्या गल्लीतले बेवडे फार गुणी आहेत.”

सगळे हसले. शिवनेशन तेवढा हसला नाही.

“मग तुमची अडचण तरी काय?”

“अकरापर्यंत मी कशीबशी जागते. एकपर्यंत नाही जागवत.”

“अहो, मग झोपा की खुशाल! आणि इथवर येण्याआधी दुकानदाराशी बोलायचं होतंत. गोडीत मिटलं असतं.”

“बोलायलाच तर जागते,” योगेश्वरी म्हणाली. “दुकान बंद करून ते वर जेवायला येतात, तेवढंच आम्हा नवरा-बायकोचं बोलणं.”