कोनाड्यातली दाढीची मशीन

"ही मशीन कोणाची हाय, तेवढं सांगा भाऊ," असं म्हणून सुलोचनाबाईनं पदराची गाठ सोडली आणि आतली वस्तू छोटेलालच्या पाटावर ठेवली.

जुनी दाढीची मशीन होती. दांड्यावर हिरवट कीट, फणीच्या दातांत साबणाचा थर, मुलामा जागोजागी उडालेला. छोटेलालनं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. गोंदियाच्या बाजारात घड्याळ, कुलूप, गॅसबत्ती, जे बिघडेल ते त्याच्याकडे यायचं. वस्तू उघडण्याआधी तिच्या मालकाची कुंडली सांगायची त्याला भारी हौस. समोरचा ऐको की न ऐको.

"तुम्हाले कोणाची वाटते?" त्यानं विचारलं.

"तुमीच सांगा."

दुकानाच्या पायरीवर तिची सासू रुख्मिणीबाई पाठ करून बसली होती. दोघी तिरोड्याहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. बोदलकशा तलावाजवळच्या गावात त्यांचं घर, धानाच्या चार बांध्यांची शेती, आणि घरात या दोघीच. रुख्मिणीबाईचा मुलगा भोजराज, म्हणजे सुलोचनाबाईचा फौजेतून परतलेला नवरा, बारा वर्षांपूर्वी रायपूरकडे निघून गेला असं गावात सांगत. नंतर ना चिठ्ठी, ना निरोप. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग रीतसर सुतक पाळतात. भोजराजचा पुतळा येत्या सोमवारी जाळायचा होता.

"सोमवारच्या आत पक्कं समजलं पाहिजे," सुलोचनाबाई म्हणाली. "जित्या माणसाचा पुतळा जाळला तर पाप लागते म्हणतात."

छोटेलालला तिची फार दया आली. बारा वर्षं ही बाई कपाळावर कुंकू लावून बसली आहे आणि सोमवारी ते पुसायची पाळी. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती, म्हणून गाठ सोडायलाही तिला वेळ लागला होता. कापणीत विळा लागला असेल, असं त्यानं गृहीत धरलं.

सासूचं मात्र त्याला नवल वाटत होतं. आई म्हटली की मुलगा येईलच म्हणून हटून बसते. ही म्हातारी तिसऱ्या वर्षापासूनच भटजीच्या मागे लागली होती म्हणे, की विधी उरकून टाका.

त्यानं मशीन कोमट साबणाच्या पाण्यात बुडवली.

"चिंच लावा ना भाऊ, लवकर निघते," सुलोचनाबाई म्हणाली.

"चिंच पितळेले, बहिनजी. याच्यावर निकेलचा मुलामा आहे. चिंच लावली तर उरलासुरला तोबी जाईल."

चघळून मऊ केलेल्या दातुनाच्या काडीनं तो फणीचा दात न् दात घासू लागला. मग खडूची पूड फडक्यावर घेऊन त्यानं दांडा पुसला. कीट उतरलं तसा दांड्याच्या मधोमध जोड दिसला. कथलाचा डाग, वाकडातिकडा, एका बाजूला गोळा झालेला.

"अरे, ये तो मेरा काम है!" छोटेलाल जवळजवळ ओरडलाच. "लढाईवरून आला तेव्हा भोजराजनं आणली होती ही. दांडा तडकला होता, मीच जोडून दिला. हात कच्चा होता माझा तेव्हा. त्याचीच आहे, बहिनजी!"

"अशा दुसऱ्या मशिनी असतील की."

"मशिनी छप्पन असतील. असा घाणेरडा डाग दुसऱ्यावर नाही भेटणार."

"पुन्हा एकदा पाहा. नीट पाहा."

तिनं तीनदा विचारलं. छोटेलालला वाटलं, बिचारी विश्वास ठेवायला घाबरते आहे. इतकी वर्षं आशेनं छळलं की माणूस तिला दारातही उभी करत नाही.

आता फक्त आतली साफसफाई उरली होती. दांडा फिरवून त्यानं झाकण उचललं आणि त्याचा हात थांबला. पातं लखलखीत होतं, गंजाचा ठिपकाही नाही. दिवाळीपासूनच बाजारात आलेलं, नव्या छापाचं. त्याखाली अडकलेल्या साबणात दाढीचे खुंट. अर्धे काळे, अर्धे पांढरे.

"ही भेटली कुठं तुम्हाले?"

"न्हाणीतल्या कोनाड्यात. परवा पहाटे."

"घरी गडीमाणूस कोण येते?"

"कोणीच नाही."

छोटेलालनं मशीन खाली ठेवली. त्याला एकदम हसू आलं. "बहिनजी, तुमचा माणूस जिंदा आहे! दोनचार दिवसांतली दाढी आहे ही. केस पिकले त्याचे, पण आहे. चोरून घरी येऊन गेला. तोंड दाखवायची लाज वाटत असंल त्याले. पुतळाबितळा काही जाळू नका. चांगलं लुगडं नेसा अन् दार उघडं ठेवा!"

बोलता बोलता त्याचेच डोळे भरून आले. मशीन पुसून, जुळवून त्यानं तिच्यापुढे धरली. आरशासारखी चमकत होती. सुलोचनाबाईनं हात पुढे केला नाही. तिचा चेहरा पार उतरला होता.

"माय," ती पायरीकडे पाहून म्हणाली, "त्यायचीच हाय. वापरून राहिले अजून."

रुख्मिणीबाई हळूहळू वळली. दुकानात तिसरा माणूस आहे याचंही तिला भान राहिलं नाही. तिनं सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"मंग सुलोचना, बांधीत आपण दोघींनी कोणाले गाडलं वं?"