फोनवर चालू

"चालू दाखवतंय," मोबाइलवरची नजर न काढता दिगंबरराव म्हणाले. गॅलरीतला आकाशकंदील मात्र अंधारात लटकत होता.

संध्याकाळी कंदील आपोआप लागावा म्हणून निवृत्तीनंतरच्या या पहिल्या दिवाळीत त्यांनी त्याला वायफायचा प्लग लावला होता. राउटर तिसऱ्यांदा बंद-चालू करून झाला आणि लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त टळत चालला.

"अहो, बल्ब गेलाय," शरयू वैतागून म्हणाली. "माळ्यावरून काढतानाच आतली तार खुळखुळत होती. सकाळी दोनदा सांगितलं."

"इथे स्पष्ट चालू दाखवतंय ना."

शरयूने पूजेचं ताट खाली ठेवलं. बत्तीस वर्षं हा माणूस वीज कार्यालयात तक्रारींच्या फोनवर बसला. दर दिवाळीला ड्यूटी, आणि कंदील लावायला ती एकटी. एकदा ऐन लक्ष्मीपूजनाला लाइट गेली, तेव्हा तिने त्याच फोनवर तक्रार केली होती. बायकोचा आवाजही न ओळखता त्याने जे ऐकवलं होतं, ते तिला अजून तोंडपाठ होतं.

"आमच्याकडून सप्लाय चालू आहे, मॅडम," ती त्याच कंटाळलेल्या सुरात म्हणाली. "तुमच्या घरातलं बघा."

मोबाइल खिशात टाकून दिगंबरराव स्टूल आणायला उठले.