विचार करू

तोक्योच्या ऑफिसात भाषांतराचं नवं सॉफ्टवेअर आलं, तर दुभाषी अनघाची नोकरी जाणार होती. आणि ते पारखायचं कामही तिच्याच गळ्यात मारलं होतं.

ट्रायलच्या मीटिंगला कंपनीचा प्रस्ताव ऐकून जपानी क्लायंट म्हणाला, “केंतो शिमासु.” पडद्यावर उमटलं, ‘विचार करू.’ तिचे साहेब, उदयसर, खूश!

“सर, इथे तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. हा नकार आहे.”

“मशीनपेक्षा तुला जास्त कळतं? उगाच फाटे फोडू नकोस.”

क्लायंट गेल्यावर, सॉफ्टवेअर विकायला आलेल्या मोरी-साननी अदबीने विचारलं, “अनघा-सान, मग घेणार ना?”

अनघा कमरेत वाकून गोड हसली. “केंतो शिमासु.”

पडद्यावर ‘विचार करू’ वाचून सर पुन्हा खूश.

 

मोरी-साननी लॅपटॉप मिटून बॅगेत भरला.