जमजमचं कापड

सगळ्यांचं वाटून झालं, तेव्हा फुरकाननं आईसाठी आणलेली पिशवी काढली.

परतवाड्याच्या त्या घराच्या ओसरीत सकाळपासून माणसांची रीघ होती. फुरकान मक्केहून उमऱ्याची यात्रा करून आला होता. सोबत बायको इफ्फत आणि सासू महेजबीनबी. येईल त्याच्या हातावर खजूर पडत होते, ओंजळीत जमजमचं पवित्र पाणी. इफ्फतच्या बहिणींना अत्तर, मेहुण्याला घड्याळ. शेजारच्या गोदाबाईलासुद्धा मण्यांची माळ मिळाली आणि ती तिनं तिथल्या तिथं गळ्यात घातली. फुरकानची आई कुलसुमबी दाराशी बसून होती. मला काही नको, असं ती मुलगा निघाला तेव्हा म्हणाली होती. पण मन मोठं चोरटं असतं, नको म्हणूनही ते वाट बघतंच.

पिशवीतून पांढऱ्या कापडाची जाड घडी निघाली.

"अवं बाई, धोतर हाय का पासोडी?" गोदाबाईनं विचारलं.

"कफन हाय, काकू," इफ्फत म्हणाली. "जमजमच्या पान्यात भिजवून तिथल्याच उन्हात वाळवलं. आमच्यात लय नशिबाचं समजतात. बाकीचं मागून घेतलं, हे पयले घेतलं."

खोटं नव्हतं ते. अशा कफनासाठी म्हातारी माणसं जाणाऱ्याच्या विनवण्या करतात. पण ती आपल्या तोंडानं मागतात. कुलसुमबीनं मागितलं होतं ते वेगळंच. तिला स्वतःला जायचं होतं. पासपोर्टही निघाला होता. फोटो काढायला गोदाबाईच सोबत गेली होती. मक्केत घालायचा पांढरा कुर्ता-सलवार कुलसुमबीनं आपल्या हातानं शिवून पेटीत ठेवला होता. मग एक दिवस फुरकान म्हणाला, "तिथं लय चालनं हाय, अम्मी. तुह्या गुडघ्याइले नाही झेपनार."

तिच्या गुडघ्यांना काय धाड भरली होती! बहिरमच्या जत्रेत बांगड्यांचं दुकान मांडून दिवस दिवस उभी राहणारी बाई ती. गिऱ्हाइकानं हात पुढं करायच्या आधी नुसतं मनगट बघून माप सांगायची. पण मुलगा म्हणाला म्हणून तिनं मानून घेतलं, की असतील आपले गुडघे अधू. आई झाली की बाई काय काय मानून घेते.

"अन् तुमी कशा चालल्या बाप्पा येवढ्या?" गोदाबाईनं महेजबीनबीला विचारलं. भरल्या अंगाची महेजबीनबी खुर्चीत बसली होती. तिथून उठवायला तिला माणूस लागायचा.

"मी कुठची चालतो!" महेजबीनबी हसली. "चाकाच्या खुर्चीत होतो न मी. काब्याभोवती साती फेरे जावयानं ढकललं. लोक म्हनत, असा पोरगा सगळ्याले भेटो. इफ्फत, फोटो दाखव न."

इफ्फतनं फोन गोदाबाईपुढं धरला, मग कुलसुमबीपुढं. फोटोत फुरकान खुर्ची ढकलत होता. घामानं निथळत होता आणि हसत होता. कुलसुमबीनं तो फोटो बराच वेळ पाहिला. मग मुलाकडं पाहिलं. तो खाली वाकून खजुराच्या बिया गोळा करायला लागला.

"तुमी तुमच्यासाठी नाही आनलं असं कापड?" गोदाबाईनं विचारलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं.

"मी काहून आनू?" महेजबीनबी म्हणाली. "मी तं पुढच्या साली पुन्हा जातो. हे म्याच पसंत केलं समधिनीसाठी. म्हटलं, तिचं काही जानं होत नाही. तिथलं काही तं अंगाले लागू द्या."

कुलसुमबी उठली आणि कापड घेऊन आत गेली. पेटीत ठेवायला गेली असेल, असं सगळ्यांना वाटलं. पण ती परत आली तेव्हा कापड हातातच होतं आणि त्यावर तो पांढरा कुर्ता.

कुर्ता तिनं महेजबीनबीच्या मांडीवर ठेवला.

"पुढच्या साली हा नेजा. मी नाही तं माहे कपडे तरी जाऊन येतीन."

"अम्मी..." फुरकान म्हणाला.

महेजबीनबीनं कुर्ता उलगडून छातीशी धरला. दोन्ही बाजूंनी ती वीतवीतभर बाहेर उरली. "मले कसा होईन वं हा?"

"बाजू उसवून घेऊ," इफ्फत म्हणाली. "कापड चांगलं हाय."

"नको उसवू," कुलसुमबी म्हणाली. होणार नाही हे तिला आत जायच्या आधीच ठाऊक होतं. उभ्या जन्मात तिचं माप कधी चुकलं नव्हतं. तिनं कुर्ता काढून घेतला, घडी करून काखेत धरला. मग ते कफनाचं कापड त्याच मांडीवर ठेवलं आणि वरून हात फिरवला.

"मंग हे ठेवा, समधीन. याले माप लागत नाही."

महेजबीनबीचे दोन्ही हात वर गेले ते हवेतच राहिले. कापडाला हात लावायची तिची हिंमत होईना आणि ते मांडीवरून पाडायचं तर उठवायला कोणी हवं.

"फुरकान," ती म्हणाली. "अरे फुरकान, उठव मले."

फुरकान जागचा हलला नाही. तो आईच्या गुडघ्यांकडं बघत होता. कुर्ता काखेत घेऊन ती गच्चीचा जिना चढत होती, भिंतीला हात न लावता.