गोगलगायींचा परतीचा प्रवास

परीक्षक भिंतीकडे बघत बसले होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कॉलेजच्या मॅडम, त्याही भिंतीकडेच बघत होत्या. बाबा चहाचा रिकामा ट्रे पोटाशी धरून उभ्याउभ्या भिंतीकडे बघत होते. लेक मात्र जमिनीकडे बघत होती, कारण दुभंगून पोटात घ्यायची सोय तिथेच होती.

भिंत होती खांद्याइतकी. पलीकडे शेजारच्या नर्सबाईंचे फुलांचे वाफे, अलीकडे बाबांचा कोबी. लेकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा सगळा डोलारा या भिंतीवर उभा होता. कोबीतल्या गोगलगायी पकडायच्या, शंखावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे अलगद सोडायच्या. दुसऱ्या दिवशी बघावं तर स्वाऱ्या पुन्हा कोबीत हजर!

विषय बाबांनीच सुचवलेला. आधीच्या प्रकल्पातल्या अळ्या सुट्टीत वाळून गेल्या होत्या. हाही फसला असता तर लेकीचं वर्ष बुडालं असतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, “अगं, गोगलगायींवर कर की. इतकी वर्षं भिंतीपलीकडे फेकतोय मी त्यांना. पण एकजात निर्लज्ज! पुन्हा माझ्याच कोबीत.” नर्सबाईंशी बोलणं का बंद आहे, हे सांगायचं मात्र ते सोयीस्कर विसरले होते.

मॅडम तर हरखूनच गेल्या. या गोगलगायी कधी पहाटे परततात, कधी पार दुपारी, हे ऐकल्यावर त्यांनी त्याचा संबंध थेट चंद्राच्या कलांशी जोडला आणि त्यावर एक अख्खं प्रकरण लिहून घेतलं.

आणि परवा सकाळी लेक कोबीला पाणी घालत असताना एक लाल ठिपका हवेतून आला. तिने मान वर केली. भिंतीच्या वर एक पिवळा रबरी हातमोजा दिसत होता. त्या हातमोज्याने शांतपणे दुसरी गोगलगाय भिरकावली, मग तिसरी. नर्सबाई रात्रपाळी करून आल्या होत्या आणि झोपायच्या आधी आपली बाग साफ करत होत्या. मॅडमच्या चंद्राच्या कला म्हणजे नर्सबाईंच्या ड्यूटीच्या पाळ्या होत्या.

लेकीने तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरली होती. सांगावं तर वर्ष जाणार, आणि मॅडमनी तर बाहेरून परीक्षक बोलावून ठेवलेले. तेही साधेसुधे नव्हेत. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः गोगलगायी निवडल्या, लाल ठिपक्याशेजारी आपल्या हाताने निळी खूण केली आणि स्वतःच त्या पलीकडे सोडल्या. म्हणजे हातचलाखीलाही जागा उरली नाही. गोगलगाय दोन बोटांत धरायची त्यांची पद्धत इतकी सराईत होती की मॅडम हळूच म्हणाल्या, “याला म्हणतात व्यासंग.”

आता पंचाईत अशी होती, की नर्सबाईंनी गोगलगायी फेकल्या तर बिंग फुटणार आणि नाही फेकल्या तर प्रकल्प बुडणार. लेकीला रडू येत होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं हसूही येत होतं.

“अजून कशा आल्या नाहीत?” मॅडमनी घड्याळ बघत विचारलं.

“येतील,” परीक्षक चहाचा घोट घेत म्हणाले. “पायी यायचं म्हणजे वेळ लागणारच.”

पलीकडचं फाटक वाजलं. चपला वाजल्या. लेकीने डोळे गच्च मिटून घेतले.

पहिली गोगलगाय परीक्षकांच्या मांडीवर पडली. दुसरी कोबीत. तिसरी मॅडमच्या चहात, चांगली डुबकन. पाठोपाठ नर्सबाईंचा आवाज आला, “घ्या! तुमचं तुम्हाला लखलाभ!”

इतक्या वर्षांचं कोडं सुटल्यासारखा बाबांचा चेहरा झाला. ते सुटलं नसतं तर बरं झालं असतं, असाही तो चेहरा होता. मॅडम कपात बघत पुटपुटल्या, “पण... चंद्र...”

“सर, मला परवाच कळलं होतं,” लेक म्हणाली. एकदा बोलून टाकल्यावर तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. “सांगायचं धाडस झालं नाही. माझं चुकलं. तुम्ही नापास केलंत तरी चालेल.”

परीक्षकांनी मांडीवरची गोगलगाय उचलली आणि फिरवून आपली निळी खूण नीट पाहून घेतली.

“गोगलगायी परत येतात असं लिहिलंयस ना तू? आल्या की!” ते म्हणाले. “कशा येतात ते प्रकरण तेवढं नव्याने लिही, आणि या वेळी खरं लिही. चंद्र काढून टाक. पास आहेस. आणि एक प्रत समाजशास्त्राच्या विभागात देऊन ये, त्यांच्या जास्त कामाची आहे.”

लेकीचा विश्वासच बसेना. “सर, तुम्हाला काहीच आश्चर्य वाटलं नाही?”

परीक्षक उठले. नर्सबाईंची पाठ वळल्याची त्यांनी भिंतीवरून खात्री करून घेतली. मग मनगटाला एक नाजूक हिसडा दिला. गोगलगाय सुरेख कमान घेत गेली आणि बरोबर फुलांच्या वाफ्यात पडली.

“आमच्याकडची भिंत याहून हातभर उंच आहे,” रुमालाला हात पुसत ते म्हणाले.