उखळाजवळचे दहा आकडे

इरावतीने लाकडी मोगरी उचलली, तसे तिचे जपानी सासरे केन्जी उखळापासून मागे सरकले. नववर्षाच्या पक्वान्नासाठी कुटायचा भाताचा गोळा दोन घावांच्या मधे केन्जींनी हाताने उलटायचा, तो तिच्या मोजणीच्या तालावर. पण तिचे मराठी आकडे त्यांच्या कानातलं दुभाष्या यंत्र अर्धा सेकंद उशिरा सांगे. गेल्या नववर्षाला इरावतीची मोगरी त्यांच्या बोटांवर बसली होती.

“सूनबाई, यंदा मशीनच लावू,” केन्जींचं म्हणणं दुभाष्याने तिला सांगितलं.

इरावतीने आपल्या कानातला दुभाष्या काढून ठेवला. ही यंत्रं आल्यापासून भाषा कोणीच शिकत नसे. ती महिनाभर चोरून जपानी शिकली होती.

“इचि!” मोगरी पडली. केन्जींचा हात झरकन आत जाऊन आला. “नि! सान!” तिला दहाच्या पुढचं येईना, म्हणून पुन्हा एकपासून.

गोळा मऊ झाल्यावर केन्जी घाम पुसत, हसत, तिच्या मोगरीकडे बोट दाखवत बरंच काही बोलले. तिला त्यातलं एवढंच कळलं: उद्या, सकाळी सात वाजता.