जपलेली धार

किनाऱ्याने चालताना हेरंब धाकट्या बहिणीला, वृंदाला, पात्यांतला फरक समजावत होता. तिच्या घडीच्या चाकूचं स्टेनलेस स्टील गंजत नाही, पण लवकर बोथटतं. त्याच्या नव्या सुरीचं कार्बन स्टील धारेला पक्कं, फक्त खाऱ्या पाण्यापासून जपायचं.

पुढे उथळ पाण्यात एक कासव जाळ्यात गुरफटून धडपडत होतं. वृंदा धावली, पण तिचा चाकू नायलॉनवरून नुसता घसरत राहिला.

“दादा, तुझी सुरी आण!”

हेरंबने सुरी काढली. पण चकचकीत पात्यावर गंज चढेल, म्हणून तो कोरड्या वाळूतच थबकला.

“घाबरतोस काय? चावत नाही ते!”

तेव्हा कुठे तो पाण्यात उतरला. जाळं सपासप तुटलं, कासव समुद्रात शिरलं.

वृंदाने त्याला मिठीच मारली. “तुझ्यामुळे वाचलं, दादा!”

हेरंबला तिच्याकडे बघवेना.